दिवसभर राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला? (कोकणातल्या मंडळींशी बोलायचंय)

सड्यावरून (धागाकर्ता)

आमच्याकडे व्यायामाचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं, "बागेत राबतो ते काय कमी आहे?" सुट्टीचा विषय निघाला की दुसरं ठरलेलं उत्तर, "शेतकऱ्याला कसली आलीय सुट्टी?" ही दोन्ही उत्तरं मला मनापासून खटकतात, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कष्ट, व्यायाम आणि सुट्टी ही तीन वेगवेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही. आणि आयुष्य भरल्यासारखं वाटायचं असेल तर तिन्ही खात्यांत काहीतरी जमा असावं लागतं.

देवगड पट्ट्यातल्या आंबा बागायतदाराचं आणि त्याच्याकडच्या गड्यांचं वर्ष बघा. मोहोर दिसायला लागला की फवारण्या सुरू. लांबलचक पाईप ओढत सड्यावर (कातळाच्या माळावर) चढ-उतार. मार्चपासून काढणी. पहाटे घळ (टोकाला जाळी लावलेली लांब काठी) घेऊन झाडाखाली उभं राहायचं, मान वर, दोन्ही हात खांद्याच्या वर, आणि फळ देठासकट अलगद जाळीत उतरवायचं. हे चार-पाच तास. दुपारी पडवीत बसून प्रतवारी. आता मान खाली आणि पाठ वाकलेली. संध्याकाळी पेट्या भरायच्या. पाच डझनांची भरलेली पेटी पंधरा किलोच्या वरच जाते, आणि तशा पेट्या एकामागून एक गाडीत चढवायच्या. वाशी बाजाराची गाडी निघाली की मग जेवण. मे संपतोय तोवर नांगरणी, तरवा (भाताची रोपं), लावणी समोर उभी.

एवढं अंग मोडून काम करणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या आत रक्तदाबाच्या गोळ्या का लागतात? मांडी घालून जेवायला बसलेला माणूस हात टेकल्याशिवाय उठू का शकत नाही? आमच्या वाडीत असे बरेच आहेत, आणि त्यांतला एकही आळशी नाही.

या प्रश्नावर जगात बराच अभ्यास झालाय. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या चालक आणि वाहकांची तुलना छापली. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होता. हालचाल हृदयाला चांगली, हा विचार तिथून पक्का झाला. पण पुढे डेन्मार्कच्या होल्टरमन वगैरे संशोधकांनी दाखवलं की कामाच्या जागी केलेली जड अंगमेहनत आणि स्वतःच्या वेळेत केलेला व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो. २०१८ मध्ये सुमारे १ लाख ९३ हजार लोकांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की जड अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त होतं. बायकांत तसं आढळलं नाही. अर्थात गरिबी, तंबाखू, औषधपाण्याची आबाळ यांचाही हात त्यात असणार, सगळा दोष कामाचा नव्हे. तरीही "राबतो म्हणजे तब्येत आपोआप ठणठणीत" हे काही खरं नाही, एवढं त्यातून कळतं.

आता सुट्टीबद्दल. कोकणाच्या वर्षात थांबायच्या जागा पूर्वीपासून आहेत. लावणी आटोपली की गणपती. भात घरात आलं की जत्रा, दशावतार. फाल्गुनात शिमगा. या जागा आता भरून जायला लागल्यात. कुणाकडे होम स्टे आहे, कुणाकडे टेम्पो, कुणाकडे दुबार पीक, आणि खिशातला फोन रात्री अकरालाही गिऱ्हाईक घेऊन येतो.

तुमच्याकडे काय चित्र आहे? कष्टाच्या कामाव्यतिरिक्त अंगाला काही देता का? आठवड्यातून एखादा दिवस खरोखर मोकळा मिळतो का? बायकांना मिळतो का? मोकळेपणाने लिहा.

तरवा

मनातलं लिहिलंत. वाचतेय. बायकांचा प्रश्न शेवटी टाकलात, तो पहिला हवा होता.

कौलारू

मी डोंबिवलीत, गाव लांज्याजवळ. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. वर्षभर खुर्ची, लोकल आणि पुन्हा खुर्ची. मे महिन्यात गावी आलो की पहिलं काम कौलं परतायची. पाऊस यायच्या आत वाशे बघायचे, फुटकी कौलं काढायची, कोन्यांची डागडुजी करायची. दोन-तीन दिवस छपरावर उकिडवं बसून काम. रात्री अंग ठणकतं, पण अशी झोप मला मुंबईत वर्षभर लागत नाही.

बायको म्हणते, सुट्टीला आलात की हमाली करायला? मला ती हमाली वाटत नाही. साहेब नाही, ठरलेली वेळ नाही, आणि संध्याकाळी खाली उतरून वर बघितलं की काय केलं ते डोळ्यांना दिसतं. मग हे कष्ट, व्यायाम की सुट्टी?

सड्यावरून

तुमच्यासाठी तिन्ही, कारण ते काम तुम्ही स्वतः निवडलंय आणि रोजच्या कामापेक्षा ते अगदी निराळं आहे. जर्मनीच्या झाबिने झोनेनटाग यांनी कामानंतर माणूस ताजातवाना कशाने होतो याचा अभ्यास केलाय. त्यात चार गोष्टी येतात: कामातून मन पूर्ण बाहेर पडणं, निवांतपणा, काहीतरी नवं किंवा अवघड जमल्याचं समाधान, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. छपरावर तुम्हाला निवांतपणा सोडून बाकी सगळं मिळतं.

मात्र तुमच्या शेजारच्या घराची कौलं जो गडी मजुरीने परततो, त्याला यांतलं काहीच मिळत नाही. काम तेच, वाशे तेच. त्यामुळे गावकऱ्याकडे बघून "तुमची मजा आहे बाबा, सगळा व्यायाम फुकटात" असं कुणी चाकरमानी म्हणाला की मला वाईट वाटतं.

बंदरपाखाडी

मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

माजो बापूस रापणीचो माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यारसून ओढूचा म्होटा जाळा, ता ओढूक दोनय टोकांका माणसा व्हयी. दोरी कमरेक लावन मागे मागे जावचा, पाय रेवयेत रुतलेले. दम खराच लागता. पन साठी झाली आणि तेचो उजवो खांदो वर जायना झालो. सदरो घालूक आयेक बोलवचा लागा. रापण ओढून आंग कमावला म्हनतत, ता आंग एकाच बाजून कमावलेला हुता.

आणि ती बंदी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडये समुद्रात जावचे नाय. माशांची पैदास आणि खवळलेलो समुद्र, दोनय कारणा बरी आसत, माका मान्य. लोक म्हनतत, तुमका दोन म्हयने आराम. आराम खय? जाळी शिवा, होडयेक रंग काढा, इंजिन खोला. आणि हातात पैसो नाय तेवा माणूस वायच बसलो तरी तेचा डोक्या बसना नाय. आमच्याच वाडयेत बघा. जेणा हंगामात बंदीचे पैसे बाजूक काढले, तो आषाढात भजनाक बसता. जेणा नाय काढले, तो सावकाराकडे फेरये मारता. दोगांचेय होडये किनाऱ्यारच. एकाची ती सुट्टी, दुसऱ्याची बेकारी.

म्हणान माजा म्हनना, सुट्टयेची गजाल पैशापासून सुरू करूक व्हयी.

सड्यावरून

दादा, हे माझ्या मूळ लेखात नव्हतं आणि असायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. सुट्टीची तरतूद सुट्टीच्या आधी करावी लागते. आंब्यातही तेच. मे महिन्यात हातात पैसा येतो तेव्हा पावसाळ्याचा विचार करणारे थोडेच.

हात_पाय_मान

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच काम करते. थोडं लांबलचक लिहितेय.

काम आणि व्यायाम यांत शरीराच्या दृष्टीने फरक कुठे पडतो? व्यायामात जोर जास्त, वेळ कमी, आणि मग विश्रांती. हृदयाचे ठोके चढतात आणि खाली येतात. स्नायूंवर ताण येतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांच्या विश्रांतीत ते आधीपेक्षा मजबूत होऊन भरून येतात. अंगमेहनतीच्या कामात जोर बहुतेक वेळा मध्यमच असतो, पण तो आठ-दहा तास चालतो. ठोके आणि रक्तदाब दिवसभर थोडे चढलेलेच राहतात. हृदय सुधारेल इतका जोर त्यात नसतो, आणि भरून निघायला वेळही मिळत नाही. शिवाय वेग आपल्या हातात नसतो, तो मुकादमाच्या, पावसाच्या किंवा भरतीच्या हातात असतो.

लावणीचंच बघा. डाव्या हातात तरव्याची मूठ. अंगठ्याने तीन-चार काड्या सुट्या करायच्या, उजव्या हाताने त्या घेऊन चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे. गुडघे जवळजवळ सरळ, सगळा वाक कमरेत. पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिक. पाठीचे स्नायू तासन्‌तास ताणलेलेच, मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढच्या बाजूने दाब. धाप लागेल अशी हालचाल त्यात नाही, मांड्यांचं बळ वाढेल असंही काही नाही. दिवसअखेर बाई पिळून निघालेली असते, पण तिच्या हृदयाला आणि पायांना जे हवं होतं ते मिळालेलंच नसतं. अशा बाईला मी "रोज तासभर चाला" असं सांगितलं तर ती मनात मला काय म्हणेल हे मला चांगलं कळतं.

म्हणून मी दोन वेगळे सल्ले देते. लावणी-कापणीच्या दिवसांत व्यायाम वाढवायचा नाही, पाठीचा भार उतरवायचा. एक कोपरा लावून झाला की बांधावर सरळ उभं राहायचं, दोन्ही तळवे कमरेवर मागून टेकवायचे आणि पाच-सहा वेळा हळूहळू मागे झुकायचं. मिनिटभरही लागत नाही. रात्री झोपण्याआधी पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, दोन-तीन मिनिटं. पायात मुंग्या येत असतील किंवा कळ खाली उतरत असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, दाखवून घ्या.

बाकीच्या महिन्यांत खरा व्यायाम. पाट भिंतीला लावून त्यावर बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. जमलं नाही तर खुर्चीपासून सुरुवात. दहा वेळा झालं की थोडं थांबून परत. भिंतीवर हात टेकून जोर. एखादी पाखाडी (पायऱ्यांची वाट) किंवा घाटी असेल तर ती झपझप चढायची, इतकी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मध्यम व्यायाम झाला की नाही हे ओळखायची ही सोपी खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पासष्टीपुढे यात तोल सांभाळण्याचे व्यायाम येतात, आठवड्यातून किमान तीन दिवस. आपल्याकडे पावसाळ्यात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्यांवर आणि खळ्यात शेवाळ धरतं आणि म्हाताऱ्या माणसांची खुब्याची हाडं तिथेच मोडतात. ओटीच्या खांबाला हात लावून एका पायावर उभं राहण्याचा सराव त्यांच्यासाठी औषधाइतकाच मोलाचा आहे.

आणखी एक. एप्रिल-मे मध्ये किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे अंगमेहनतीचं काम आणि व्यायाम दोन्ही उन्हाच्या आधी उरका. तहान लागायची वाट बघू नका. आपली मिठाची पेज त्या दिवसांत उत्तम, फक्त रक्तदाबवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून.

तरवा

पाटावरून उठायचं आत्ता करून बघितलं. जमलं, पण गुडघे बोलले. आईला पण सांगते.

खाणीवरचा

सगळं वाचलं. राग येऊ देऊ नका, पण स्पष्ट लिहितो. मी चिरेखाणीवर काम केलंय, आता तिथेच गाडी भरतो. आमच्याकडे हजेरी लागली तर पैसा. खाण बंद राहिली तर चूल त्या दिवसाच्या उसनवारीवर. ज्याच्या बागेला भाव मिळतो त्याने सुट्टीच्या गोष्टी कराव्यात. चिरा उचलून धुरळा खाल्लेल्या माणसाला घरी आल्यावर पाटावरून उठ-बस करायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. आमच्या पोरांच्या फिया, घरचं आजारपण, हे सगळं त्याच हजेरीतून निघतं. व्यायाम, सुट्टी, छंद हे पोट भरल्यानंतरचे विषय आहेत. आधी मजुरीचं बोला.

सड्यावरून

राग कशाला येईल? तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे की बिनपगारी सुट्टी ही हजेरीवर जगणाऱ्याला शिक्षाच असते. पण सुट्टी हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, हे मला पटत नाही. आपल्याकडे रविवारची सुट्टी कुणी मिळवली हे एकदा बघा.

मुंबईच्या गिरण्यांत काम करायला सगळ्यात जास्त माणसं गेली ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले, यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्यात आठवड्याची सुट्टी ही मागणी होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पिढीने, ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी कमी होतं, त्यांनी ही मागणी केली. पोट भरेपर्यंत ते थांबले नाहीत.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी लिहिली गेली. पण शेतावरचा गडी, बागेतला राखणदार, होडीवरचा खलाशी यांना त्या कायद्याची सावली कधी मिळाली नाही. आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक अंगमेहनत त्या सावलीच्या बाहेरच आहे.

आणि जास्त तास काम करण्याची किंमत शरीर वसूल करतंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त असतो. मजुरी आणि सुट्टी या दोन वेगळ्या मागण्या करूच नयेत. भरपगारी सुट्टी म्हटलं की दोन्ही एकातच आलं.

खाणीवरचा

लोखंड्यांचं माहीत नव्हतं. आजोबा परळला गिरणीत होते. रविवारी ते मंडळाच्या खोलीवर भजनाला जायचे एवढं वडील सांगायचे. भरपगारी म्हणत असाल तर माझं काही म्हणणं नाही. देणारा मालक दाखवा.

आगरातली

गुहागर. नारळ-सुपारीचं आगर आणि चार खोल्यांचा होम स्टे. आता माझी पाळी.

शनिवार-रविवार म्हणजे जगाची सुट्टी आणि आमचं दुप्पट काम. सकाळी घावणे नाही तर आंबोळ्या, दुपारी मासळीचं आणि शाकाहारी अशी दोन ताटं, चतुर्थी आली की उकडीचे मोदक. पाहुणे मोदक खाताना म्हणतात, "किती निवांत आयुष्य आहे हो तुमचं!" मी हसते, कारण ते मनापासून म्हणत असतात. त्यांना समुद्र दिसतो, मला चादरी.

संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघींनी विचारलं, "काय झालं, डॉक्टरने सांगितलंय का?" बाईने काही कारण नसताना, रिकाम्या हाताने चालणं कुणाच्या डोळ्यांना सवयीचं नाही. हातात पिशवी किंवा डोक्यावर भारा असला की कुणी विचारत नाही. मी चालत राहिले. मग जाऊबाई आल्या, मग शेजारची. आता आम्ही बऱ्याच जणी आहोत. ओहोटी असली की ओल्या, टणक वाळूवर झपाझप चालतो, भरती असली की रस्त्याने. परतताना थोडा वेळ नुसतं बसतो. तो बसण्याचा वेळ कमी करायला कुणी तयार नाही, मी पण नाही.

आणि एक सांगायचंय. आपल्या आया-आज्यांना व्यायाम माहीत नव्हता असं म्हणू नका. गौरी-गणपतीत रात्र-रात्र फुगड्या, झिम्मा, बसफुगडी घालायच्या त्या काय होतं? एक बसफुगडी घालून बघा. मांड्या, पोटऱ्या, दम, तोल, सगळ्याची परीक्षा. दिवसभर शेतात राबलेल्या बायका रात्री ते करायच्या आणि दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर शीण नसायचा, कारण ती वेळ त्यांची स्वतःची होती. तिथे सासू नव्हती, चूल नव्हती. वर्षातून थोडेच दिवस मिळायचे हे दुःख. मला ते फक्त गणपतीपुरतं नको आहे.

तरवा

ताई, "त्यांना समुद्र दिसतो, मला चादरी" हे घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आई लगेच म्हणाली, बसफुगडी मला अजून येते.

जुनी_शाळा

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी. पुरुषांच्या बाजूने जाखडी नाचाची आठवण करून देतो. पायात चाळ बांधून, मृदंगाच्या ठेक्यावर गोल धरून तासन्‌तास नाचणारे बाले मी लहानपणापासून पाहत आलोय. हीच मुलं सकाळी शेतात असत. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचवणं हेही तसंच. आपल्या करमणुकीतच अंगाला घाम होता. आता मंडपात खुर्च्या मांडतात आणि आपण बघे होतो.

मुलांना मी दोन गोष्टी नेहमी सांगत असे. लोकमान्य टिळक १८५६ चे, आपल्या रत्नागिरीचे. प्रकृती तोळामासा होती, म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी तालीम आणि पोहण्यात घालवलं, आणि त्या वर्षी परीक्षेत नापास झाले. बी. ए. झाले १८७७ मध्ये. पुढे मंडालेची सहा वर्षं त्यांनी काढली ती त्याच शरीरावर. एवढा कामसू माणूस, पण शरीरासाठी वेगळा वेळ काढावा लागतो हे त्यांनी ऐन विद्यार्थिदशेत ओळखलं.

दुसरे मुरूडचे धोंडो केशव कर्वे. परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. १९६२ साली वारले तेव्हा १०४ वर्षांचे होते. चालणाऱ्याला शंभर वर्षं आयुष्य असा नियम मी सांगत नाही. त्या काळी पायी चालणं हीच वाहतूक होती, आणि आता पाखाडीच्या तोंडाशी रिक्षा उभी असते. म्हणून चालणं आता ठरवून करावं लागतं.

चढाई

कबड्डी खेळतो, कणकवली. वय २२. आमचा उलटा प्रॉब्लेम. सकाळी जिम, संध्याकाळी मैदान, स्पर्धेच्या आधी तर दिवसातून दोनदा. सुट्टी घेतली की प्रशिक्षक म्हणतात ढिला पडलास. मागच्या मोसमात दोन्ही नडग्या इतक्या दुखल्या की चढाई करून परत यायची भीती वाटायची. हात_पाय_मान ताई, रोज करणं बरोबर की चूक?

हात_पाय_मान

रोज तेच आणि तेवढ्याच जोराने करणं चूक. एका स्नायूगटाला जोराचा व्यायाम दिला की साधारण ४८ तास त्याला भरून यायला द्यायचे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामा, आणि मोसम संपल्यावर काही आठवडे वेगळं काहीतरी. पोहायला जा, पण ओळखीच्या पाण्यात आणि पावसाळ्यात समुद्रात अजिबात नाही. नडगीचं दुखणं एका ठिकाणी बोट ठेवता येईल इतकं नेमकं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, त्यावर खेळत राहू नका. आणि झोप. तुझ्या वयात आठ तास. रात्री दोनपर्यंत फोन आणि सहाला मैदान, यात कुठलीच पावडर काम करणार नाही.

चढाई

बोट ठेवता येतं. उद्याच दाखवतो.

बंदरपाखाडी

माजी एक इचारणा. बापाशीच्या खांद्याक आता काय करूचा? साठीच्या फुडे काय फरक पडता काय?

हात_पाय_मान

पडतो, फक्त महिने लागतात. भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगीच्या चालीने वर न्यायची, दुखायला लागेल तिथे थांबायचं. खाली वाकून हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. दोन्ही दिवसातून दोनदा. साखर तपासून घ्या, मधुमेहात खांदे आखडणं जास्त दिसतं. आणि तुम्ही स्वतः अजून रापणीवर जात असाल तर दोरीची बाजू बदला. आज उजवीकडून ओढलंत तर उद्या डावीकडून.

बंदरपाखाडी

बाजू बदलूची ह्या कोणी सांगलाच नाय कधी. सगळ्यांका सांगतंय.

सड्यावरून

खाणीवरचा दादांनी "देणारा मालक दाखवा" म्हटलं, त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

आमच्या बागेत काढणीच्या हंगामात गड्यांना पाळीपाळीने आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी देतो. एकाच दिवशी सगळ्यांना सोडता येत नाही, कारण तयार झालेलं फळ थांबत नाही. म्हणून रोज एकजण मोकळा. हिशेब सरळ आहे, सहा गडी असतील तर आठवड्याला सहा हजेऱ्या जादा. तेवढे मी पेटीच्या खर्चात धरतो, जसा पुठ्ठा, पेंढा आणि गाडीभाडं धरतो तसे. शेजारच्या बागायतदारांनी आधी नाकं मुरडली, मग त्यांच्याकडचे गडी विचारायला लागले तेव्हा एकाने सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी गडी काय करतात ते मी विचारत नाही. एकजण दिवसभर झोपतो, एकजण विजयदुर्गला जाऊन किल्ल्याच्या तटावर बसून येतो, नेपाळकडचे दोघे घरी फोनवर बोलत असतात.

अडचण एकच उरलीय. १५ एप्रिल ते १५ मे हा महिना. त्या वेळी माल एकदम येतो, दुपारनंतर वळवाची भीती, आणि एक माणूस कमी असला तरी गाडी चुकते. त्या महिन्यात पाळी मोडते आणि ती सुट्टी जूनमध्ये जोडून द्यावी लागते, जेव्हा नेपाळचे गडी आधीच निघालेले असतात. मग त्यांच्या हातात सुट्टीऐवजी पैसे पडतात. ऐन भरात पाळी कुणी टिकवली असेल, जादा माणूस फक्त त्या महिन्यापुरता ठेवून किंवा शेजारच्या बागांनी मिळून एक फिरता गडी ठेवून, तर कसं जमवलं ते सविस्तर लिहा.

आगरातली

फिरता गडी आमच्याकडे जमलाय, फक्त खोल्यांसाठी. तीन घरांनी मिळून एक मदतनीस ठेवली आहे. ती सोमवारी माझ्याकडे, मंगळवारी जाऊबाईंकडे, बुधवारी शेजारी. तिची स्वतःची सुट्टी गुरुवारी, पगारी. शनिवार-रविवार जिथे गर्दी जास्त तिथे ती जाते आणि त्याचे पैसे त्या घराने द्यायचे. सोमवारी मी एकही खोली देत नाही, फोनवर सरळ सांगते की आज बंद आहे. बागेत हे कसं बसेल माहीत नाही, पण तीन बागायतदार एका ओटीवर बसवून आधी पैशांचं ठरवा, मग दिवसांचं. आम्ही दिवसांपासून सुरुवात केली होती आणि तिथेच भांडण झालं होतं.

खाणीवरचा

आमच्या भागात तीन खाणमालक एकमेकांचे पाहुणेच आहेत. हा धागा छापून नेतो.